चटईएवढी जागा पुरते, ओढायला काहीतरी हवं

"घरात व्यायामाला जागाच नाही" ही तक्रार मला फारशी पटत नाही. साधी योगा मॅट 183 सेंमी लांब आणि 61 सेंमी रुंद असते. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर मोकळं सोडलं की ताकदीचे जवळजवळ सगळे व्यायाम तेवढ्यात बसतात. खरी अडचण वेगळीच आहे: घरात ढकलायला जमीन आहे, ओढायला काहीच नाही.

घरी व्यायाम करणारे बहुतेक जण काय करतात ते बघा. जोर, बैठका, प्लँक, क्रंचेस आणि थोड्या उड्या. यात छाती, खांद्याची पुढची बाजू आणि दंडाची मागची बाजू पुरेशी राबते. पाठीचा वरचा भाग, खांद्याची मागची बाजू आणि बायसेप्स मात्र बसून राहतात. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्यात हातांनी शरीर तोलणं, ढकलणं भरपूर आहे, ओढणं नाही. पालथं झोपून हात-पाय उचलण्याचा 'सुपरमॅन' बरेच जण यावर उपाय म्हणून सांगतात. कमरेसाठी तो चांगला आहे, पण वरच्या पाठीवर भार येतो तो फक्त स्वतःच्या हातांचा. तेवढ्याने काही होत नाही.

ओढण्यासाठी सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे दार आणि पातळ सुती चादर. चादर लांबीत पिळून घ्या, मधोमध मुठीएवढी घट्ट गाठ मारा. गाठ दाराच्या वरच्या कडेवरून पलीकडे टाका, दोन्ही टोकं आपल्या बाजूला सोडा आणि दार पूर्ण लावून कडी घाला. आता महत्त्वाचं: दार ज्या बाजूला उघडतं तिच्या विरुद्ध बाजूला तुम्ही उभे असले पाहिजेत. म्हणजे ओढल्यावर दार चौकटीवर आणखी घट्ट बसतं. दार उघडतं त्याच बाजूला उभे राहिलात तर तुमचं सगळं वजन कडीच्या चार स्क्रूंवर, आणि ते निघाले की तुम्ही पाठीवर. टोकं छातीच्या उंचीवर धरा, शरीर सरळ फळीसारखं ठेवून मागे रेला, कोपर बरगड्यांजवळून मागे नेत छाती दाराकडे आणा. पाय दारापासून लांब असले तर सोपं, दाराजवळ सरकवले तर अवघड. 10 सेंमीचा फरकही चांगलाच जाणवतो.

इथे तीन गोष्टी बिघडतात. चादर जाड असेल तर दार नीट लागत नाही; जोर लावून लावलंत तर बिजागऱ्या वाकतात, त्यापेक्षा पातळ कापड घ्या. गाठ छोटी असेल तर फटीतून घसरते, म्हणून पहिल्यांदा फक्त हातांनी झटका देऊन बघा, मग अर्धं वजन टाका, मग पूर्ण. आणि तिसरं, पलीकडून कोणीतरी दार उघडायला येतं. घरात सांगून ठेवा. काचेचं दार, सरकतं दार, पोकळ हलकं दार यांवर हा प्रयोग अजिबात नको.

रबरी बँड असेल तर काम आणखी सोपं. फक्त बँडचा स्वभाव लक्षात घ्या: जितका ताणाल तितका तो जड होत जातो. म्हणजे सुरुवातीला काम नगण्य आणि शेवटी एकदम जास्त. म्हणून दारापासून एक पाऊल मागे जाऊन, बँड आधीच थोडा ताणलेला असताना सुरुवात करा. मूळ लांबीच्या अडीच पटीपुढे ताणू नका. लॅटेक्स उन्हाने कडक होतं, बारीक भेगा पडतात, आणि बँड तुटतो तो बहुतेक वेळा हँडलजवळ किंवा जिथे दाराच्या कडेला घासतो तिथे. दर आठवड्याला ताणून तेवढे दोन भाग बघितले तरी पुरे. भेग दिसली की बँड फेकायचा, गाठ मारून वापरायचा नाही. तो तोंडावर येतो.

चौकटीत फिरवून अडकवायच्या पुलअप बारबद्दल (लटकून अंग वर ओढायचा दांडा) माझं मत चांगलं नाही. ती नुसत्या घर्षणावर टिकलेली असते आणि गुळगुळीत रंगावर हळूहळू घसरते. दोन्ही बाजूंना स्क्रूने बसवायच्या पट्ट्या असतील तरच घ्या. टेबलाखाली झोपून कड धरून ओढायचा प्रकार चालतो, पण टेबल जड आणि चार कोपऱ्यांत चार पाय असलेलं हवं. मधोमध एकच खांब असलेलं टेबल अंगावर उलटतं.

आता दुसरा मोठा घोळ: भार वाढतच नाही. पहिल्या आठवड्यात 20 बैठका, सहा महिन्यांनी 60 बैठका. स्नायूला वाढायला कारण हवं असतं, आणि ते कारण म्हणजे सेटच्या (न थांबता सलग केलेल्या आवर्तनांच्या) शेवटी 'आणखी दोन-तीनच होतील' अशी अवस्था येणं. ती 8 व्या आवर्तनाला आली काय किंवा 25 व्या, स्नायू वाढायला दोन्ही चालतं. पण 30 च्या पुढे गेलात की कंटाळा आधी येतो आणि स्नायू नंतर दमतो. 25 सहज होऊ लागले की आकडा वाढवू नका, प्रकार अवघड करा.

जोरांचं उदाहरण घेऊ, कारण त्याचे आकडे मोजलेले आहेत. जमिनीवरच्या साध्या जोरात (पुशअप) हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे 64 टक्के भार येतो. गुडघे टेकले तर 49 टक्के. हात 60 सेंमी उंचीवर ठेवले तर 41 टक्के, 30 सेंमीवर 55 टक्के. पाय 30 सेंमी उंच ठेवले तर 70 टक्के. म्हणजे 60 किलोच्या माणसासाठी उंच स्टुलावर साधारण 25 किलो आणि जमिनीवर 38 किलो. ही सरळसरळ वजनाची शिडी आहे आणि ती फुकट आहे. स्वयंपाकाच्या ओट्यापासून सुरू करा, मग भिंतीला टेकवलेला भक्कम स्टूल, मग खालची पायरी, मग जमीन. गुडघे टेकून करण्यापेक्षा हात उंच ठेवून करणं मला जास्त योग्य वाटतं, कारण त्यात पोट आणि नितंब पूर्ण वेळ शरीर सरळ धरून ठेवतात. जमिनीवर आल्यावर तीच सवय कामी येते.

पायांसाठी दोन्ही पायांच्या बैठका लवकरच अपुऱ्या पडतात. मग एका पायावर या. मागचा पाय खुर्चीवर ठेवून करायची बैठक (बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट) हा कमी जागेतला पायांचा सगळ्यात मोठा व्यायाम. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी; चाकांची नको, प्लॅस्टिकचीही नको, तिचे पाय फरशीवर फाकतात. पुढचा पाय खुर्चीपासून 60 ते 75 सेंमी. फार जवळ असेल तर टाच उचलली जाते, फार लांब असेल तर मागच्या मांडीचा सांधा पुढून ओढतो. 3 सेकंद मोजत खाली, क्षणभर थांबून वर. तोल जात असेल तर भिंतीला एक बोट लावा. प्रत्येक पायाला 12 नीट झाले की पाठीवरची सॅक छातीशी उलटी घालून तिच्यात पाण्याच्या बाटल्या भरा. 1 लिटर म्हणजे 1 किलो, हिशेब सोपा. बाटल्या तोंडापर्यंत भरा. अर्धवट पाणी डुचमळतं आणि तोल घालवतं. सॅकची शिवण पट्ट्यांच्या वरच्या टोकाला आधी उसवते, तिथे लक्ष ठेवा.

मांडीच्या मागच्या बाजूसाठी गुळगुळीत फरशी हे वरदान आहे. उताणं झोपा, टाचांखाली टॉवेल, कंबर उचला आणि टाचा हळूहळू लांब सरकवा. कंबर न पाडता परत ओढून आणा. बहुतेकांना सुरुवातीला परत ओढणं जमतच नाही. हरकत नाही: लांब सरकवा, कंबर टेकवा, पाय परत जागेवर आणा, पुन्हा. गोळा आला तर अंतर कमी करा.

आठवड्यात 3 दिवस हे चार प्रकार (ओढणं, जोर, एका पायाची बैठक, टाचा सरकवणं), प्रत्येकी 3 सेट. एक ओढण्याचा सेट आणि एक पायांचा असे आलटून पालटून घेतले तर विश्रांतीत वेळ जात नाही. ढकलण्याचे जितके सेट, निदान तितकेच ओढण्याचे.

दम वाढवणाऱ्या व्यायामात मात्र जागेची खरी अडचण येते, विशेषतः खाली कोणी राहत असेल तर. मॅट टाकली की टकटक कमी होते. उडीचा तो जड 'धप्प' आवाज स्लॅबमधूनच खाली जातो, 6 किंवा 10 मिमीच्या मॅटला तो ऐकत नाही. पंख्याचाही विचार करा: हात वर केले की आपली उंची साधारण सव्वापट होते. (आणि ज्याला सगळे 'टबाटा' म्हणतात ते 20 सेकंद काम, 10 सेकंद विश्रांतीचं गणित 1996 च्या एका जपानी अभ्यासातलं आहे, तेही सायकलवर, जवळजवळ कोसळेपर्यंत. दिवाणखान्यातल्या उड्यांशी त्याचं नातं फक्त घड्याळापुरतं.)

घडीची ट्रेडमिल हा उपाय मला मान्य नाही. लोक यंत्राची लांबी मोजतात, पण माहितीपुस्तिकेत मागे साधारण 2 मीटर मोकळे ठेवा असं सहसा लिहिलेलं असतं, ते वाचत नाहीत. मागे भिंत असेल तर पडलेला माणूस भिंत आणि चालत्या पट्ट्याच्या मध्ये अडकतो.

त्यापेक्षा एक पायरी घ्या. 20 सेंमी उंच, न हलणारी, रबरी तळ असलेली. मोबाइलवर मेट्रोनोम (ठराविक लयीत ठोके देणारं ॲप) मिनिटाला 80 ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल: वर, वर, खाली, खाली. मिनिटाला 20 चढ होतात, आणि हा मध्यम तीव्रतेचा व्यायाम आहे; जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला जी 150 ते 300 मिनिटं सांगते, त्यात तो धरता येतो. बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत दम लागला पाहिजे. पूर्ण तळवा पायरीवर टेकवा, नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटऱ्या भरून येतात. दर मिनिटाला पुढे टाकायचा पाय बदला, नाहीतर एकाच मांडीवर सगळं काम पडतं. पायात मोजे नकोत. अनवाणी किंवा बूट. सोपं वाटू लागलं तर ठोके 96 करा, म्हणजे मिनिटाला 24 चढ. गुडघा कुरकुरत असेल तर उंची 10 सेंमीवर आणा आणि उतरताना पाय टाकू नका, सावकाश ठेवा. दुखणं बहुधा उतरतानाच सुरू होतं.