खुलासा: विनोना रायडरला काढून सोफियाला घेतलेलं नाही

'गॉडफादर'च्या तिसऱ्या भागाबद्दल एक मजकूर फिरतो आहे: दिग्दर्शक कपोला यांनी मुलगी सोफियाला पुढे आणण्यासाठी अभिनेत्री विनोना रायडरला काढलं आणि रॉबर्ट डुव्हॉललाही नको म्हणून वगळलं. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

नायक मायकेल कॉर्लिओनेच्या मुलीची, मेरीची भूमिका विनोनाचीच होती. १९८९ च्या अखेरीस ती रोमला पोहोचलीही, पण आजारी पडून तिने चित्रपट सोडला. तिथे युनिट खोळंबलेलं. तेव्हा कपोलांनी अठरा वर्षांच्या सोफियाला उभं केलं. तिचा अभिनय कच्चा आहे, हे मलाही मान्य आहे. शेवटच्या, पायऱ्यांवरच्या प्रसंगात ते फार बोचतं. पण कुणाची भूमिका हिसकावल्याचा आरोप तिच्यावर करणं अन्यायाचं आहे.

डुव्हॉलचं कारण तर सरळ पैशांचं. मायकेल साकारणाऱ्या अल पचिनोला आपल्या कित्येक पट मानधन मिळतंय, हे त्यांना पटलं नाही. दुप्पट चाललं असतं, तिप्पट-चौपट नाही, असं ते स्वतः सांगत. मग पटकथेत त्यांचं पात्र, मायकेलचा मानलेला भाऊ आणि वकील टॉम हेगन, मेलेला दाखवला आणि नवा वकील हॅरिसन म्हणून जॉर्ज हॅमिल्टन आले.

माझ्या मते चित्रपटाचं खरं नुकसान इथे झालं. मायकेलला तोंडावर 'हे चुकतंय' म्हणू शकणारा भाऊ गेला, आणि हॅमिल्टनचा हॅरिसन नुसता सूटबूट घालून शेजारी उभा राहतो. लोक मात्र तीस-पस्तीस वर्षं सगळा राग सोफियावर काढत आले आहेत.