‘पिशवी काढा, मोकळ्या व्हा’ असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री मावशीचा फोन आला. “अगं, गुरुवारी ॲडमिट व्हायचंय मला. पिशवी काढून टाकते एकदाची.” डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. “ते काय म्हणणार, तपासलं नि तारीख दिली. आमच्या बचत गटात आलंय की सगळं लिहून.” मग तो मेसेज तिने मला पाठवला. त्यात चार गोष्टी आहेत. अंग (मायांग) बाहेर येत असेल, म्हणजे गर्भाशयाची पिशवी योनीतून खाली उतरत असेल, तर पिशवी काढणं हा एकच इलाज. मुलं झाल्यावर पिशवी म्हणजे कॅन्सरचं घर, सोबत अंडाशयंही काढून घ्या. उतरलेलं अंग वर धरायला आत जाळी बसवली की जन्माची सुटका. आणि ऑपरेशननंतर नवरा-बायकोचे संबंध कायमचे बंद.

मावशी चोपन्न वर्षांची आहे. घागर उतरवली की भिंतीला धरून उभी राहते, आत जाते, हाताने मायांग वर सारते, जुन्या लुगड्याची घडी लावते आणि पुन्हा चुलीशी येऊन बसते. सात वर्षं हे चाललंय. तिला इलाज हवाच आहे, म्हणून पहिल्याच मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

मायांग बाहेर येतं ते पिशवी बिघडली म्हणून नव्हे. तिला वर धरणारे बंध आणि खालचे स्नायू सैल पडतात. बाळंतपणांनी, ओझ्याने, जुनाट खोकल्याने. दोरी सैल झाली म्हणून कुणी पाळणा फेकतं का? नुसती पिशवी काढली आणि बंध नीट बांधले नाहीत, तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. म्हणजे पुन्हा टेबलावर.

पिशवी ठेवून ती वर बांधता येते. आपल्याकडच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावाच्या अशा शस्त्रक्रिया स्त्रीरोगशास्त्राच्या पुस्तकांत आहेत, त्या मुख्यतः तरुण बायकांसाठी. मोठ्या वयाचं काय, तर नेदरलँड्समध्ये २०८ बायकांवर अभ्यास झाला. एका गटात पिशवी ठेवून ती मागच्या बंधाला टाके घालून बांधली, दुसऱ्यात पिशवी काढून वरचा भाग बांधला. पाच वर्षांनंतरचे निकाल २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. वरचा भाग पुन्हा उतरून त्रास झालेल्या किंवा त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागलेल्या बायका पिशवी ठेवलेल्यांत १, काढलेल्यांत ८. रोजच्या जगण्यात दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. मग ‘एकच इलाज’ कुठून आला?

कॅन्सरचं म्हणाल, तर गर्भमुखासकट पिशवी काढली की तिथला कॅन्सर होत नाही, हे खरं. कॅन्सर निघाला किंवा गाठींमुळे रक्तस्राव औषधांनीही थांबेना, तर काढावी लागते, हेही मान्य. पण धडधाकट पिशवी भीतीपोटी काढायची? बीड जिल्ह्यात २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा पडला की मजुरी कापली जाते आणि वर कॅन्सरची धास्ती घातली जाते. आता तीच धास्ती मोबाईलवरून घरात येते आहे. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढली तर शरीरातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक एकदम घटतं. अंगाची आग, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा वाढलेला धोका हे सगळं त्या बाईच्या वाट्याला येतं. ‘घ्या काढून’ लिहिणारा ते सोसणार नाही.

जाळी? योनीमार्गे अशी जाळी बसवण्याचे धोके पाहून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्येच तिची विक्री थांबवली. संबंधांबद्दलची ओळ तर सरळ खोटी. टाके भरेपर्यंत साधारण सहा आठवडे थांबायचं असतं, जन्मभर नाही.

मायांग वर धरणारी सिलिकॉनची रिंग असते, ऑपरेशनशिवाय आत बसवतात, काढून धुता येते, हे मावशीला सात वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. “मग आधी तीच बघू की,” ती म्हणाली. गुरुवारची तारीख तिने रद्द केली आहे. सोमवारी मी तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाते आहे.