बागेचं श्रेय फॅरंडबाईंना हवं होतं

वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स या वाड्यावरचा आणि त्याच्या बागेवरचा तुमचा लेख आवडला. तिथली १९४४ ची परिषद आणि त्यातून आकाराला आलेला संयुक्त राष्ट्रांचा आराखडा, हे सविस्तर आलंय. पण बाग एका ओळीत गुंडाळलीत, हे काही पटलं नाही. ती आखणाऱ्या उद्यानरचनाकार बिएट्रिक्स फॅरंड यांचं नावही नाही! रॉबर्ट आणि मिल्ड्रेड ब्लिस यांनी १९२० मध्ये ही जागा घेतली आणि पुढच्याच वर्षी फॅरंडबाई कामाला लागल्या. मालक दांपत्य राजनैतिक कामामुळे बरीच वर्षं परदेशात, त्यामुळे कितीतरी गोष्टी पत्रांतून ठरल्या. बाग हार्वर्ड विद्यापीठाकडे गेल्यावर तिची निगा कशी राखायची, एखादं झाड गेलं तर तिथे काय लावायचं, हेही बाईंनी लिहून ठेवलं. इतका पुढचा विचार आपल्याकडे किती बागांच्या वाट्याला येतो? गोट्यांनी रेखलेली गव्हाची पेंढी आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर असलेली जागा मात्र नंतरची. तिथे आधी टेनिस कोर्ट होतं.

संगीताबद्दल एक भर. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसासाठी ब्लिस दांपत्याने संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीकडून पंधरा वाद्यांची रचना करून घेतली. ८ मे १९३८ ला ती तिथल्याच संगीत दालनात वाजली, संचालन नादिया बुलांजे यांचं. (आणि हा सगळा थाट बराचसा लहान मुलांच्या रेचकावर कमावलेल्या पैशांतून, हेही सांगायला हवं होतं!)

तिथल्या बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) अभ्यासावर आणि वास्तुकार फिलिप जॉन्सनच्या घुमटाकार दालनांवर वेगळा लेख येऊ द्या.