कांदेनवमीचं जेवण, लंडनमध्ये

आईवडील परदेशी आले की आपण त्यांना बाहेर जेवायला 'इंडियन'मध्येच नेतो. "त्यांना दुसरं काही चालत नाही हो," हे मी इथल्या कितीतरी मराठी घरांत ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. आता मला ते अजिबात पटत नाही. त्यांना चालतं. आपण आधी बसून नीट आखणी करत नाही, आणि मग फसलेल्या संध्याकाळीचा दोष त्यांच्या सवयींवर टाकतो.

२०२२ मध्ये आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मीही त्यांना असंच, काही आखणी न करता, बाहेर नेलं. मध्य लंडनमधलं एक गाजलेलं मेडिटरेनियन रेस्टॉरंट, शनिवारी रात्री ८ चं टेबल. उघडं स्वयंपाकघर, कोळशाची भट्टी, मोठ्या आवाजात संगीत, खच्चून भरलेली खोली. मला अशी जागती ठिकाणं फार आवडतात. पण खाली काँक्रीट, भिंती उघड्या विटांच्या, आवाज शोषून घेईल असं कापड कुठेच नाही. बाबांच्या कानात यंत्र आहे आणि अशा गोंगाटात ते सगळंच मोठं करून ऐकवतं. ते दोन तास नुसते हसऱ्या चेहऱ्याने बसून होते. 'टेबल' म्हणून मिळाली ती पाठ नसलेली उंच स्टुलं. मग ब्रेडबरोबर काहीतरी गुलाबी आलं. मला वाटलं, बीटचं असेल. आईने तुकडा बुडवून तोंडाजवळ नेला आणि तेवढ्यात वाढणारी मुलगी म्हणाली, हा तारामा. तारामा म्हणजे माशाची अंडी, आपली गाबोळी. आईने तुकडा खाली ठेवला. रागावली नाही, काही बोललीही नाही. उरलेला वेळ ऑलिव्ह खात बसली. घरी येऊन मी कुकर लावला. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात दोघं परत आले, या वेळी मावशीही बरोबर. मावशी रत्नागिरीला दिलेली, मासे आवडीने खाणारी. आई शुद्ध शाकाहारी, आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. आता भूमध्य समुद्राच्या काठावरचा स्वयंपाक या तिघांशिवाय उभाच राहत नाही. आषाढी ६ जुलैला, रविवारी. म्हणजे ४ जुलैच्या शुक्रवारी कांदेनवमी. घरी त्या दिवशी भजी, भरीत, कांद्याची थालिपीठं असायची. मी ठरवलं, यंदाची कांदेनवमी बाहेर. तेच जेवण, दुसऱ्या समुद्राकाठचं.

रेस्टॉरंट निवडताना या वेळी फोटो पाहिले ते पदार्थांचे कमी आणि खुर्च्यांचे जास्त. फोन करून सांगितलं की सहा जण आहोत, पाठ असलेल्या खुर्च्या हव्यात, भिंतीलगतचा कोपरा हवा, स्पीकरखाली नको. वेळ घेतली संध्याकाळी ५:४५ ची. जुलैत इथे नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे पावणेसहाला भर दुपारसारखा उजेड असतो, मेन्यू वाचता येतो, आणि पहिला दीड तास खोली अर्धी रिकामी असते. सातनंतर ती भरत जाते. म्हणजे गजबजही अनुभवायला मिळते, पण तोवर जेवण बरंचसं झालेलं असतं. लोक साडेसात-आठच्या टेबलासाठी जीव टाकतात. म्हातारी माणसं बरोबर असतील तर ते टेबल फुकट मिळालं तरी घेऊ नका.

खरं महत्त्वाचं काम मी चार दिवस आधी ईमेलने केलं. इथे कायद्याने ॲलर्जी होऊ शकणाऱ्या १४ घटकांची माहिती द्यावी लागते; तीळ, मासे, मोहरी सगळं त्यात येतं. आपल्याला वाटतं, ती यादी बघितली की झालं. पण भात कोंबडीच्या स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं उकळलेल्या पाण्यात, शिजवलाय का, हे ती यादी सांगत नाही. कांदा-लसणाचं सांगत नाही. चीजमध्ये दूध घट्ट करणारं रेनेट वासराच्या जठरातलं आहे की वनस्पतीचं, तेही सांगत नाही. पार्मेझान तर वासराच्या रेनेटशिवाय होतच नाही, आणि ते किसून कशावरही भुरभुरवतात. म्हणून मी चार सरळ प्रश्न लिहिले: कोणते पदार्थ स्टॉकमध्ये शिजतात, फेटा आणि हलूमी ही चीज कोणत्या रेनेटची, भाज्या मांसाच्याच जाळीवर भाजता का, आणि अँचोव्ही ही बारीक खारी मासळी लपून कशाकशात आहे. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून प्रत्येक पदार्थापुढे उत्तर लिहून आलं. भाज्यांसाठी वेगळा तवा वापरू, असंही त्यांनी आपणहून कळवलं. विचारलं की लोक मनापासून मदत करतात. आयत्या वेळी, भरल्या खोलीत, घाईतल्या मुलीला विचारलं तर ती बिचारी "आय थिंक सो" म्हणणार. आईसाठी 'आय थिंक सो' पुरेसं नाही.

मागवण्याबद्दल माझं मत ठाम आहे: मेन्यू एकाच्याच हातात हवा. प्रत्येकाने आपापलं मागवायचं जेवण हे नव्हेच. युनेस्कोने २०१० साली भूमध्य आहारपरंपरेची नोंद केली तेव्हा पदार्थांइतकंच महत्त्व एकत्र बसून जेवण्याला दिलं. आणि मधे ठेवून वाटून खायच्या या छोट्या प्लेटना म्हणतात 'मेझे'. तो शब्द मूळ फारसी, चव या अर्थाचा. आपली 'मजा' तिथूनच आलेली आहे. पंगतीत कोणी मेन्यू वाचत नाही. वाढणाऱ्याला ठाऊक असतं कुणाला काय हवं. तसंच मी केलं. "माणशी तीन प्लेट घ्या," असा सल्ला सगळीकडे मिळतो. सहा जणांच्या अठरा प्लेट एकदम टेबलावर आल्या की निम्म्या गार होतात आणि माणसं दडपतात. मी पहिल्यांदा फक्त सहा सांगितल्या. अशा ठिकाणी जे तयार होईल ते येत राहतं, म्हणून स्पष्ट सांगितलं की पुढचं आम्ही म्हणू तेव्हाच सुरू करा. कुनाफा, म्हणजे बारीक शेवया आणि चीजचा गोड पदार्थ, मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवला, कारण तो मागणीनंतर भाजायला घेतात.

बाबांना गाडीत एक गोष्ट समजावून ठेवली होती. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या तुर्की भाज्या कोमटच वाढतात, ती रीत आहे, "गार आणलंय" असं वाटून घेऊ नका. बाबांना ताटात वाफ लागते. पण कारण माहीत असलं की माणूस वेगळ्या मनाने खातो. त्यांनी वांग्याचा इमाम बायल्दी दोनदा घेतला.

आणि आई. लबने आलं तेव्हा तिने बोटाने चाखून पाहिलं आणि म्हणाली, "चक्का आहे गं, मीठ घातलेला." त्यावर ऑलिव्ह तेल आणि झातर, म्हणजे वाळलेला रानओवा आणि तिळाची पूड. मग दह्या-लसणातली घोळाची भाजी आली. हो, तीच घोळ, जी आपल्याकडे बांधावर उगवते आणि मंडईत कोपऱ्यात एखादी बाईच विकते. तुर्कस्तानात ती कच्ची, दह्यात कालवून खातात. आई पान उलटंपालटं करून पाहत राहिली. तिला तिथलं काही परकं वाटेनासं झालं ते त्या क्षणापासून.

फ्रीके आल्यावर तर ती बोलायलाच लागली. फ्रीके म्हणजे कोवळा हिरवा गहू. कापून, पेंढ्यांना आग लावून भाजतात आणि मग चोळून दाणे काढतात. अरबीत त्या नावाचा अर्थच 'चोळलेला'. आईचं माहेर नेवाशाकडचं. गव्हाच्या ओंब्या शेतात भाजून, तळहातावर चोळून, फुंकर मारून खाल्लेल्या. तिने दाणे चावले आणि धुराचा वास ओळखला. माझ्या लेकीला ती ओंब्यांची गोष्ट सांगत होती आणि बाबा ऐकत होते, कारण कोपऱ्यात ऐकू येत होतं. माझी लेक दहा वर्षांची आहे. आजीचं शेत तिने पहिल्यांदा तिथे, त्या टेबलावर ऐकलं.

मावशीसाठी मी मुद्दाम तारामा मागवला होता, आईपासून लांबच्या टोकाला. "गाबोळी अशी लोण्यासारखी करतात होय," म्हणत तिने वाटी पुसून खाल्ली.

सगळंच जमलं असं नाही. फलाफल कोरडं होतं, आईच्या डाळवड्यापुढे काहीच नाही. हमस, म्हणजे वाटलेल्या छोल्यांची चटणी, मला स्वतःला उत्तर लंडनमधल्या ग्रीन लेन्स रस्त्यावरच्या साध्या तुर्की दुकानांतलं जास्त आवडतं. तिथून घरी आणा, रेस्टॉरंटमध्ये ती प्लेट दुसऱ्या कशासाठी तरी ठेवा.

पैशांचंही सांगते, कारण कुणी सांगत नाही. बुकिंगला कार्ड द्यावं लागतं आणि आयत्या वेळी रद्द केलं तर माणशी रक्कम कापतात. नियम आधी वाचा. नळाचं पाणी मागा, दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी ते फुकट द्यावंच लागतं. बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज जोडलेला होता. ऑक्टोबर २०२४ पासून ते पैसे पूर्ण कर्मचाऱ्यांनाच द्यायचा कायदा आहे, त्यामुळे मी तो मनापासून देते. दारू नाही, सहा जण, सगळं धरून २०० पौंडांच्या आत. टेबल पावणेदोन तासांचं होतं, आम्ही बरोबर वेळेत उठलो. तोवर खोली भरली होती, भट्टीसमोर ज्वाळा उठत होत्या, आणि बाबा दारात थांबून दोन मिनिटं ते बघत राहिले.

नोव्हेंबरात, कार्तिकी झाल्यावर आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. गॅसवर वांगं भाजत होती. जाताना मी बॅगेत घातलेली तहिनीची, म्हणजे वाटलेल्या तिळाची, बाटली तिने चार महिने न उघडता ठेवली होती. "तीळ आधी घालायचे का लिंबू?" मी सांगितलं, आधी दोन्ही एकत्र फेट, घट्ट गोळा झाला तरी घाबरू नकोस, मग चमचा-चमचा गार पाणी घाल, पांढरं झालं की वांग्यात मिसळ. फोन तिने डब्याला टेकवून ठेवला आणि फेटायला लागली.