देवहंस वाचवा, पण वटवाघळाच्या जिवावर नको

‘आसामचा देवहंस नामशेष होत चाललाय आणि तुम्हाला वटवाघळांचा पुळका? ती पैशाला पासरी आहेत, वर रोग पसरवतात!’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास पुढे ढकललं जातं. देवहंसापुरतं ते सोळा आणे खरं आहे. ईशान्येतली सखल, ओली जंगलं तुटली आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करणारं हे बदक बेघर झालं. बाकीचं मात्र पटत नाही.

पैशाला पासरी म्हणे! भारतात वटवाघळांच्या शंभराहून जास्त जाती आहेत. त्यातलं रॉटनचं वटवाघूळ राहतं बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ, बारापेडेच्या गुहांत. चॉकलेटी अंग, मानेशी फिकट पट्टा, तोंडाच्या मानाने भलेमोठे कान. दिवसभर ही वटवाघळं छताच्या खळग्यांत एकमेकांना बिलगून लटकलेली असतात. १९१३ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव मिळालं, आणि त्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षं जगात तिचा दुसरा पत्ताच कुणाला माहीत नव्हता. पुढे मेघालयात आणि कंबोडियात ती आढळली, तीही मोजकीच.

‘गुहेत आहेत म्हणजे सुरक्षित’ हेही ऐकू येतं. उलट, सगळी वस्ती एका छताखाली असणं हाच मोठा धोका. आत कुणी शेकोटी पेटवली, तर धुराने अख्खी वस्ती उठते. शिवाय मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. देवहंसाची मादी एका विणीत सहा-सात अंडी सहज घालते.

राहिला रोगाचा मुद्दा. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या जीवघेण्या विषाणूच्या प्रतिपिंडांची नोंद पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केली, हे खरं. पण ती वटवाघळं वेगळ्या जातींची होती. बर्ड फ्लूचे विषाणू रानबदकांत पिढ्यान्‌पिढ्या वावरतात, म्हणून देवहंसावर कुणी पैसा खर्चू नका म्हणत नाही, आणि म्हणूही नये. वटवाघळांना हाच न्याय लावा. गुहेत घुसून त्यांना हुसकावलं, तर माणसाशी संपर्क उलट वाढतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोघांनाही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, ठेवलंय. देवहंसाला आसामातलं जंगल हवं. रॉटनच्या वटवाघळाला हवी गुहेच्या तोंडाशी राखण आणि या गुहांभोवतीचं, २०११ मध्ये अभयारण्य झालेलं भीमगडचं रान. त्यासाठी देवहंसाच्या वाट्याचा एक रुपयाही काढून घ्यावा लागत नाही.