वाजवून घेतलेली नौका

“किरकोळ कामे आहेत, बाकी नौका ठणठणीत आहे,” असे विक्रेत्याने सांगितले तेव्हा मी नौकेच्या टोकावर उभी राहून क्षितिजाकडे पाहत होते, त्यामुळे वाक्याचा पूर्वार्ध माझ्या कानांवरून गेला. नौका शिडाची, 10 मीटर लांबीची, फायबरग्लासची आणि 34 वर्षांची होती. मालक तिच्याविषयी इतक्या ओलाव्याने बोलत होता की तो ओलावा तिच्या डेकमध्येही मुरलेला असावा, अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती.

जुनी वस्तू वाजवून घ्यावी, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मी आजवर अलंकारिक अर्थाने घेत आले होते. खरेदीआधी नौका तपासायला बोलावलेल्या सर्वेक्षकाने तो शब्दशः अमलात आणला. प्लास्टिकच्या तोंडाची एक छोटी हातोडी घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि वीत-वीत अंतरावर डेक ठोकत पुढे सरकू लागला. अशा डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांच्या मधोमध बाल्साचे हलके लाकूड असते आणि वर बसवलेल्या कड्याकप्प्यांच्या बोल्टांभोवतीचे सीलंट म्हातारे झाले, की पाणी तेथून आत शिरून त्या लाकडाचा भिजलेला पुठ्ठा करून टाकते. निरोगी डेक ‘टक्’ म्हणते, कुजलेले ‘भद्’ म्हणते. प्रत्येक ‘भद्’भोवती सर्वेक्षक खडूने गोल काढीत होता आणि अर्ध्या तासात माझे भावी डेक बिबट्यासारखे दिसू लागले. “आता डोलकाठीकडे वळू या,” असे तो म्हणाला, ते डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर बोलवावे अशा आवाजात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा किती वर्षांच्या आहेत, असे विचारल्यावर मालकाने “मी घेतली तेव्हापासून उत्तम आहेत,” असे उत्तर दिले. अशा तारा साधारण दहा-बारा वर्षांत बदलाव्यात, असे या क्षेत्रातले लोक मानतात आणि मालकाने नौका घेऊन वीस वर्षे झाली होती.

तरीही मी ती घेतली. घरी समर्थन करताना मी जोशुआ स्लोकम या दर्यावर्दीचा दाखला दिला. 1892 मध्ये एका ओळखीच्या कप्तानाने त्याला ऑयस्टर पकडणारी एक जुनीपुराणी नौका देऊ केली, ती एका शेतात आधार लावून उभी केलेली होती. त्याने ती 13 महिने खपून जवळजवळ नव्याने बांधली आणि 1895 ते 1898 या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नवऱ्याने हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “त्याला ती फुकट मिळाली होती.” मग त्याने एक दोनशेपानी वही आणली आणि पहिल्या पानावर ‘किरकोळ कामे’ असे शीर्षक घातले.

पहिल्या क्रमांकावर होता बिछान्याजवळचा वाचायचा दिवा, जो मिणमिणत होता. दिवा मिणमिणतो म्हणजे बॅटऱ्या थकल्या, असे निदान मी केले. जुन्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांची निम्म्याहून अधिक वीज वापरली तर त्यांचे आयुष्य घटते, म्हणून लिथियमच्या घ्याव्यात, असे ठरले. लिथियम बॅटरी मात्र चार्ज होताना इतक्या अधाशीपणे वीज ओढते, की इंजिनावरचा वीज तयार करणारा साधा अल्टरनेटर तिला वाढता वाढता तापून जळू शकतो. म्हणून मोठा अल्टरनेटर आला. त्याचा भार जुन्या अरुंद पट्ट्याला पेलवेना आणि तो झिजून इंजिनाच्या खोलीत काळी भुकटी पसरू लागला, तेव्हा रुंद पट्टा आला आणि त्याच्यासाठी नव्या पुल्या आल्या. त्या बसवताना एक नट हातातून निसटून नौकेच्या तळाशी साचलेल्या तेलकट पाण्यात पडला. मी दोरीला लोहचुंबक बांधून तासभर गळ टाकल्यासारखी बसले; नवऱ्याने वहीतून मान वर न करता विचारले, “नट स्टेनलेसचा होता ना?” ज्या जातीचे स्टेनलेस पोलाद नौकांवर वापरतात, त्याला चुंबक जवळपास ओळखच दाखवत नाही, हे ज्ञान मला असे प्राप्त झाले. एवढे सगळे होऊन दिवा मिणमिणतच राहिला. शेवटी उघडून पाहिला, तर तारेच्या टोकावर हिरवट-काळी पुटे चढली होती. काचकागदाने दोन मिनिटे घासल्यावर तो लख्ख पेटला.

शौचालयाच्या नळीविषयी थोडक्यात लिहिते, कारण विस्ताराने लिहिण्यासारखा तो विषय नाही. समुद्राचे पाणी आणि मूत्र एकत्र आले की नळीच्या आत चुन्यासारखा कठीण थर धरतो आणि 38 मिलिमीटरच्या नळीतून पुढेपुढे करंगळीही जाणार नाही, अशी स्थिती येते. तारेचे वेटोळे गुंफलेली ती नळी हेअर ड्रायरने तापवून, कपाटात डोक्याकडून शिरून, एका हाताने ओढायची असते, कारण दुसरा हात शिरेल एवढी जागा नौका बांधणाऱ्याने ठेवलेली नसते. नळी निघते ती एकदम निघते. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या नौकांवरील मंडळी काही काळ किनाऱ्यावर फिरायला गेली.

या सगळ्यात एकच काम मी कोणाच्याही मदतीविना आणि पहिल्याच प्रयत्नात तडीस नेले, असे मला वाटत होते. नौकेला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो तेथे, त्याच्याभोवती दाबून बसवलेल्या दोरासारख्या पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी आत येत असे. नौकेत पाणी येणे वाईट, एवढे कळण्यास सर्वेक्षक लागत नाही. मी दोन स्पॅनर घेतले, पॅकिंग दाबणारा नट करकचून आवळला आणि गळती साफ थांबली. वहीत मी स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली. नंतर धक्क्यालाच बांधलेल्या अवस्थेत इंजिन गिअरमध्ये टाकून दहा मिनिटे चालवून पाहिले, तर तेथून करपल्याचा वास येऊ लागला आणि पितळी नटाला बोट लावताच मी ते तोंडात घातले. शेजारच्या नौकेवरील वृद्ध खलाशी खाली डोकावून म्हणाले, “बाई, ते गळायलाच हवं. दांडा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडले पाहिजेत. त्यानेच तर तो थंड राहतो.”

म्हणजे वर्षभरात मी बंद केलेली एकमेव गळती ही मुळात नौकेची एकमेव निरोगी गळती होती. नट गार झाल्यावर मी तो पाव फेरा सैल केला, इंजिन पुन्हा लावले आणि टॉर्च घेऊन तळाशी पालथी पडून राहिले. नवरा घड्याळ हाती घेऊन जिन्यावर बसला. बऱ्याच वेळाने पहिला थेंब नटाच्या कडेला जमा झाला, थरथरला आणि पडला. “एक,” मी वर ओरडून सांगितले आणि त्याने तो वहीत मांडला.