फिजिक्सचे तास बंद झालेले नाहीत

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतंय: "अकरावीला फिजिक्स शिकवणार नाहीत, मुलांनी मोबाईलवरच शिकायचं, प्रॅक्टिकलही बंद." हे खरं नाही. तो वर्ग मीच घेते.

मुलं घरून छोटा व्हिडिओ बघून येतात. तासाला गणितं आणि शंका. म्हणजे माझं त्यांच्याजवळ बसणं वाढलंच आहे. सिम्युलेशनं, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, 'फेट' (PhET) या वेबसाइटची, मोफत. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेली. त्यात लंबकाची लांबी चौपट केली की आवर्तकाळ (एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ) दुप्पट झालेला दिसतो. मग तेच प्रयोगशाळेत दोरा, गोळा, स्टॉपवॉच घेऊन मोजतो. ज्याच्या घरी नेट नाही, त्याला व्हिडिओ पेनड्राइव्हवर देते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.